शेळी काढणारा चितारी

आजोबांच्या आजोबांनीही जी गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकली होती, ती आज तुम्हाला सांगतो. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक चितारी राहायचा. देवादिकांची चित्रं तो काढत नसे. तो हसवणारी चित्रं काढायचा. एका कागदावर सहा चौकटी आखायच्या आणि त्या सहा चौकटींत एक गोष्ट सांगायची, अशी त्याची रीत. कागदावर अक्षर एकही नसे, म्हणून वाचता न येणाऱ्यालाही गोष्ट कळायची. दिव्याच्या काजळीची शाई, थोडा गेरू आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, एवढंच त्याचं सामान.

त्याच्या गोष्टींत दोघंच असायचे. एक मिशाळ, ढेरपोट्या कोतवाल, आणि दुसरी त्याची हडकुळी शेळी. कोतवाल साऱ्या गावाला दरडावायचा, पण शेळी त्याला अजिबात भीक घालायची नाही.

आठवड्याच्या बाजारात दोन बांबूंना दोरी बांधून चितारी हे कागद टांगायचा. त्याची बायको शेजारी उभी राहून कोतवालाचा घोगरा आवाज काढायची, मधूनच शेळीसारखी ओरडायची. लोक पोट धरून हसायचे आणि जाताना एखादा कागद घरी न्यायचे. त्या बदल्यात कुणी ज्वारी द्यायचं, कुणी गूळ. दोघांचं बरं चाललं होतं.

एकदा चिताऱ्याच्या सासुरवाडीला लग्न निघालं. पंगत बसली. वरपक्षाकडच्या एका पाहुण्याने चिताऱ्याच्या सासऱ्यांना विचारलं, "हे तुमचे जावई का? काय करतात?"

सासरे पानाकडे बघत म्हणाले, "चित्रं काढतात."

"वा! कुठल्या देवळात?"

सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेवढ्यात समोरच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, देवळात कसले? शेळीवाले हे! बाजारातले!"

सगळी पंगत हसली. बाजारात असा हशा पिकला की चितारी सुखावायचा. इथे मात्र त्याचे कान तापले. हातातला घास त्याने तसाच पानात ठेवला.

परतताना बायको म्हणाली, "हसले तर हसले. आपण हसवायचंच काम करतो ना?"

"चित्रावर हसणं वेगळं. आज ते माझ्यावर हसले," चितारी म्हणाला.

त्याच दिवसांत राजधानीत एका मोठ्या देवळाच्या भिंती रंगवायचं काम निघालं. राजाच्या चित्रशाळेत हात कमी पडत होते. चितारी बायकोला घेऊन राजधानीत गेला. चित्रशाळेच्या प्रमुखाने, एका वृद्ध चित्रकाराने, त्याच्याकडून एक वेल काढून घेतली. रेघ पाहून म्हातारा खूश झाला.

"हात चांगला आहे. आधी काय काढायचास?"

चिताऱ्याच्या डोळ्यांपुढे ती पंगत आली. तो म्हणाला, "पलीकडच्या राज्यात एका देवळात होतो. दशावतार काढले."

घरी आल्यावर त्याने बायकोला बजावलं, "कोतवालाचं आणि शेळीचं नाव इथे कुणापुढे काढायचं नाही."

"का? त्यांनी काय पाप केलंय?"

चितारी कुंचले धुवायला उठला. त्या दिवसापासून बायकोनेही तो विषय काढला नाही. घोगरा आवाजही काढला नाही.

चितारी देवळाच्या भिंतीवर कमळांची नक्षी काढू लागला. एका कमळासारखं दुसरं, दुसऱ्यासारखं तिसरं. लोक वाटेत नमस्कार करू लागले. सासऱ्यांचा निरोप आला, की आता आम्ही चारचौघांत तुमचं नाव घेतो. चितारी तो निरोप आठवायचा आणि पुढचं कमळ काढायचा.

एके दिवशी दुपारी सगळे चित्रशाळेत नमुने काढत बसले असताना दारात एक बाई आली. राजवाड्याच्या अंगणात सारवण करणारी. हात शेणाने माखलेले होते, म्हणून तिने पदराच्या टोकात धरून एक कागद आणला होता. कडा फाटलेल्या, मधोमध तेलाचा डाग.

"दादा," ती दारातूनच म्हणाली, "तुम्ही सगळी चित्रं काढणारी माणसं. हे कुणी काढलंय ते ठाऊक आहे का?"

चिताऱ्याने दुरूनच कागद ओळखला. गाव सोडण्यापूर्वी त्याने काढलेला तो शेवटचा कागद होता. त्यात शेळी कोतवालाचं पागोटं पळवते आणि देवळासमोरच्या दीपमाळेवर चढून बसते. कोतवाल मागोमाग चढतो. सहाव्या चौकटीत शेळी टोकावर आरामात पागोटं चघळते आहे आणि कोतवाल धोतर अडकून मधेच लोंबकळतो आहे. पुढचा कागद काढायचा राहूनच गेला होता.

बाई सांगत होती, "माझी सासू अंथरुणाला खिळलीय. आम्हा दोघींचं कधी पटलं नाही. पण कुठल्याशा बाजारातून हातोहात आलेलं हे चित्र बघून ती हसली, आणि तिच्याबरोबर मीही हसले. आता रोज विचारते, पुढं काय झालं? शेळी खाली उतरली का? कोतवालाला कुणी सोडवलं? मला सांगता येत नाही. ज्यानं काढलं त्यालाच विचारायला हवं ना?"

एका चित्रकाराने कागद हातात घेतला आणि बाकीच्यांना दाखवला. "बघा रे, ही म्हणे कला! शेळी!" सगळे हसले. मग तो चिताऱ्याकडे वळला. "तू गावोगाव हिंडलायस. माहीत आहे का हा कोण शेळीवाला?"

चिताऱ्याचा कुंचला हातात थांबला. क्षणभर त्याला वाटलं, सांगावं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते.

"छे!" तो म्हणाला. "बाई, इथे देवाची चित्रं काढतात. असली थिल्लर कामं बाजारात विचारा." आणि तोही हसला. सगळ्यांहून जरा मोठ्यानेच हसला.

बाई ओशाळली. "चुकलं माझं," म्हणून तिने कागदाची घडी केली आणि ती निघून गेली.

त्या दिवशी चिताऱ्याला कमळाची पाकळी जमेना. घरी जेवताना तो बायकोच्या नजरेला नजर देईना. तिने दोनदा विचारलं, तेव्हा त्याने झालेलं सगळं सांगितलं.

बायकोने ताट बाजूला सारलं. "पंगतीत तुमचं जे झालं, तेच तुम्ही तिचं केलंत."

चिताऱ्याने मान खाली घातली. उद्या जाऊन सांगू, असं त्याने ठरवलं. पण उद्या गेला तर कुणीतरी बघेल, असं वाटलं. परवा प्रमुख भिंत बघायला येणार होता. मग काही ना काही निघत गेलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याने कागद घेतला, सहा चौकटी आखल्या आणि पुढची गोष्ट काढली. पागोटं उलगडून दीपमाळेवरून खाली लोंबतं, शेळी ते धरून ऐटीत उतरते आणि घरी जाऊन कोतवालाच्याच खाटेवर झोपते. कोतवाल वर लोंबकळत राहतो आणि तिथूनच तोंड वासून पहाऱ्याची आरोळी ठोकतो.

कागद घेऊन तो विचारत विचारत त्या बाईच्या झोपडीशी पोचला. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"बाई, पुढचा कागद आणलाय."

तिने आधी चित्र पाहिलं. नीट, चौकटी-चौकटीने पाहिलं. मग वर बघितलं.

"तुम्हीच होता तर."

"हो."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

चिताऱ्याने दारातून आत पाहिलं. तो म्हणाला, "सासूबाईंना दाखवा ना."

"सासूबाई परवाच गेल्या," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मी घरी येऊन माझ्याच मनानं सांगितलं, की शेळीनं कोतवालाला पाठीवर बसवून खाली आणलं. त्या म्हणाल्या, गप गं, त्या शेळीला एवढी माया कुठली? ही तुझी बनवाबनवी. खरी गोष्ट वेगळीच असणार. आणि वाट बघत राहिल्या."

तिने कागद परत त्याच्या हातात दिला. "मी एकटीनं बघून काय करू?"

चितारी तिथून कसा निघाला ते त्यालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चित्रशाळेत सगळे जमले असताना तो प्रमुखासमोर उभा राहिला. "दशावतार मी कधी काढले नाहीत. तो शेळीवाला मीच. त्या बाईला मी खोटं सांगितलं आणि तिच्यावर हसलो."

कुणी हसलं नाही. वृद्ध प्रमुखाने हातातला कुंचला खाली ठेवला. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी शेळी म्हणाला असतास, तर मी तुला ठेवून घेतलं असतं. रेघ तीच होती. पण एवढे दिवस माझ्यासमोर खोटा वावरलास. तुझ्यावर भरवसा ठेवून आता कसं काम सांगू? जा तू."

चितारी आणि त्याची बायको गावी परतली. बाजारात पुन्हा दोरी बांधली गेली, लोक पुन्हा हसू लागले. चितारी आता प्रत्येक कागदाच्या खाली आपलं नाव आणि गाव लिहू लागला. पुढं काय झालं, असं कुणीही विचारलं, तर हातातलं काम टाकून तो तिथल्या तिथे सांगायचा. पण एखादी म्हातारी हसत हसत दोरीपाशी थांबली, की त्याची नजर आपोआप जमिनीकडे जायची. शेवटपर्यंत ती तशीच जात राहिली.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढंच मनाशी धरा: आपल्या हातच्या प्रामाणिक कामाची जो लाज बाळगतो, त्याच्यावर एक दिवस स्वतःचीच लाज बाळगायची वेळ येते.