मूठभर तांदूळ

“...मग इंजिनातली ज्योत विझते कधी?”

“वर गेल्यावर, सर. जमिनीवर सुरेख जळते. चाचणीच्या खोलीत उंचावरची थंड, विरळ हवा सोडली, की फुस्स!”

अनिमिष घारपुरे खुर्चीत टेकला आणि लगेच उठला. स्वस्थ बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. त्यात सोमवार तोंडावर आलेला.

दोघांना बसता येईल अशा चिमुकल्या विमानाचं इंजिन त्यानं रचलं होतं. सोमवारी वैमानिक सरोश ते घेऊन पहिल्यांदा उडणार होता. कंपनीची अट एकच : प्रभुणे सरांनी हो म्हटलं पाहिजे. सरांचा सगळा जन्म मोठ्या विमानांची इंजिनं रचण्यात गेलेला. अनिमिषला शिकवलंही त्यांनीच. आता ते धुळ्याबाहेर एकटे राहत होते.

“दोष फवाऱ्याचा आहे,” अनिमिष येरझारा घालत म्हणाला. “इंधनाचे थेंब जाड पडत होते. नवा फवारा बसवलाय. तुम्ही हो म्हणा, की मी निघालोच.”

“थंड हवेत पाहिलास तो?”

“तेवढा वेळ कुठाय, सर!”

“हं... आणि कम्बस्टर कुठला?”

कम्बस्टर म्हणजे इंजिनाच्या पोटातला डबा. इंधन जळतं ते त्याच्यात. अनिमिषची छाती फुगली.

“तुमचाच! तुमच्या मोठ्या इंजिनाचा. लांबी, रुंदी, भोकं, सगळं चौथ्या हिश्शावर आणलं. एक रेघ इकडची तिकडे नाही.”

सर उठून स्वयंपाकघरात गेले.

“जेवून जा.”

“अहो सर, जेवणाचं काय घेऊन बसलात!”

“या पातेल्यात एकेकाळी आठ माणसांचा भात व्हायचा. आज आपण दोघंच. कितीसा वेळ लागणार?”

त्यांनी मूठभर तांदूळ धुऊन गॅसवर चढवले. अनिमिष दारातून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत. फोन काढ, घड्याळ बघ, मध्येच झाकण उचल.

पाण्याला जेमतेम उकळी आली असेल, सरांनी गॅस बंद केला. पाणी निथळून भात ताटात वाढला, वर वरण घातलं.

अनिमिषनं घाईघाईनं घास तोंडात कोंबला. दाताखाली कचकन वाजलं.

“सर! हे तर कच्चेच आहेत!”

“असं?” सर ताटाकडे बघत म्हणाले. “माणसं चौथा हिस्सा. तांदूळ चौथा हिस्सा. म्हटलं, वेळही चौथा हिस्सा पुरेल...”

अनिमिषचा हात ताटातच थांबला.

डबा आखूड झाला होता. वारा मात्र त्याच वेगानं आत शिरत होता. म्हणजे इंधनाचा थेंब आत पोचतो न पोचतो तोच बाहेर. खाली दाट हवेत कसंबसं निभावत होतं. वर, गारठ्यात, पेटायला उलट जास्तच वेळ लागणार. आणि तेव्हा विमानात सरोश बसलेला असणार.

त्यानं खरकट्या हातानंच फोन लावला. “सरोश, सोमवारी उडायचं नाही... नाही, हवा चांगली आहे रे. चूक माझी आहे.”

फोन ठेवला. पुन्हा उठला. पुन्हा बसला.

“डबा लांब करायचा म्हणजे सगळं इंजिन नव्यानं मांडायचं, सर. महिनेच्या महिने जातील. वरच्या साहेबांना सोमवारीच विमान आकाशात हवंय. ते म्हणणार, एवढंसं तर इंजिन, त्याला इतका वेळ कशाला? काय सांगू मी त्यांना?”

सरांनी दोन्ही ताटांतले तांदूळ पातेल्यात परत ओतले, पाणी घातलं आणि गॅस पेटवला.

“त्यांना जेवायला बोलव.”