गोठ्यात शिरलेल्या बायका

टेकडीवरचा हा काटेरी कुंपणाचा गोल गोठा पाहिलात ना, पाहुण्यांनो? आम्हां खोसा लोकांत गुरांच्या गोठ्यात बाईने पाऊल ठेवायचे नसते. तिथे पूर्वजांचा वास आणि पुरुषांची सभा. पण नवा राजा गादीवर बसतो, त्या दिवशी आम्ही बायका आधी आत जातो आणि पुरुष बाहेर ताटकळतात. ताटकळू देत, चांगली खोड मोडते.

याचे कारण असे सांगतात. फार पूर्वी इथला राजा वारला. त्याला दोन मुलगे. थोरला वेलाफी आधीच्या राणीचा. तिच्या घराला आम्ही उजव्या हाताचे घर म्हणतो. धाकटा लुडुमो पट्टराणीचा. आमच्यात पट्टराणी उशिरा येते, आणि लग्नात तिच्या माहेरी द्यायची गुरे राजा एकटा देत नाही, ती घराघरांतून जातात. म्हणून तिचा मुलगा साऱ्या लोकांचा. वयाने लहान असला तरी गादी त्याचीच.

वेलाफी शूर होता, ते नाकारून चालणार नाही. पण त्याला गादीचा मोह पडला. भालाईत घेऊन तो गोठ्यात उभा राहिला आणि गरजला, "या लुडुमोच्या आईसाठी दिलेली सगळी गुरे माझ्या बापाच्याच कळपातली. ती कसली पट्टराणी? ज्याच्या घरून गाय गेली असेल, त्याने पुढे यावे!"

भाले पाहून पुरुषांची म्हणे दातखीळच बसली. लुडुमोची आई तर केव्हाच गेलेली. कोणी बोलले नसते, तर त्याला त्याच दिवशी नदीपलीकडे हाकलले असते.

तेवढ्यात एक म्हातारी कुंपणाचे दार सारून आत आली. ती होती नोझिझ्वे, वेलाफीचीच आई.

"माझ्या घरून गेली," ती म्हणाली. "पांढऱ्या पोटाची तांबडी, दोन वेतांची. तिच्यामागे रडत धावला होतास, वेलाफी. विसरलास?"

मग काय! तिच्यामागून बायकांची रीघ लागली. "आमची कबरी!" "आमची एकशिंगी!" "आमची काळी, कपाळावर चांद असलेली!" टेकडी दणाणली. भालाईतांच्या आयाही त्यांत होत्या. पोरांनी मुकाट्याने भाले खाली ठेवले. वेलाफी आईसमोर मान खाली घालून उभा राहिला. मग चालत जाऊन धाकट्या भावाच्या उजव्या बाजूला बसला, आणि जन्मभर तिथून हलला नाही.

आजही नव्या राजाच्या दिवशी बायका गोठ्यात जातात आणि आपापल्या घरच्या गायीचा रंग पुकारतात. पहिली हाक उजव्या हाताच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईची. गेल्या खेपेला ती मी दिली. त्याच बापाचा, पण नव्या राजाहून सात वर्षांनी मोठा असलेला माझा मुलगा कुंपणाबाहेर उभा राहून ऐकत होता, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.