नावाड्याच्या चिखल्या

फार जुन्या काळची गोष्ट. नद्यांवर पूल बांधायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं, तेव्हाची. एका राज्यात सटवाजी नावाचा नावाडी राहत होता. नदीच्या एका काठाला त्याचं गाव, दुसऱ्या काठाला राजधानी. नाव काठाशी आली की तो गुडघाभर पाण्यात उतरायचा, ती ओढून धरायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देऊन उतरवायचा.

दिवसभर पाय पाण्यात नाहीतर चिखलात. होता होता त्याला चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडली, सोलवटली आणि तिथं चिरा गेल्या. खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. चालताना आग व्हायची.

राजधानीत मोठे वैद्य होते. पण तिथली रीत अशी, की सुगीला जो राजाच्या कोठारात धान्य भरेल त्याला तांब्याची मुद्रा मिळे, आणि ज्याच्याजवळ मुद्रा त्याला वर्षभर औषध फुकट. सटवाजीला शेतच नव्हतं. तो धान्य कुठून भरणार? आणि मुद्रेवाचून औषध घेणं त्याच्या ऐपतीबाहेरचं होतं.

म्हणून तो बाजारात गेला. तिथं एक लेपवाला ओरडत होता, "एकदा लावा, कायमचं विसरा." सटवाजीनं लेप आणून लावला. पाय भाजल्यासारखे सोलून निघाले. सकाळी नाव धरताना त्याला पाय टेकवेना. नाव कलली आणि एका विणकर बाईचं सुताचं गाठोडं वाहून गेलं.

पाटलांनी त्याला बोलावून घेतलं. "सटवाजी, आज सूत गेलं. उद्या माणूस जाईल. पाय बरे झाले नाहीत, तर नाव दुसऱ्याच्या हाती द्यावी लागेल."

पाटील चुकीचं बोलत नव्हते, म्हणूनच ते त्याला फार लागलं.

घरी त्याची बायको गिरजा म्हणाली, "राजधानीतले एक वैद्यबुवा तुमच्याच नावेतून जातात-येतात. विचारा की त्यांना."

"मुद्रा नाही आपल्याजवळ. कुठल्या तोंडानं विचारू?"

"औषध मागू नका. नुसतं विचारा. दुखणं लपवून ते बरं होतं का?"

पुढच्या खेपेला वैद्य काठावर उतरले, तेव्हा सटवाजीनं मान खाली घालून विचारलं. वैद्य तिथंच दगडावर बसले. त्याचा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि नीट पाहिला.

"मुद्रा औषधाला लागते रे, बोलायला लागत नाही," ते म्हणाले. "ओल हे या रोगाचं अन्न आहे. ओल तोड, म्हणजे तो उपाशी मरेल. काम संपलं की पाय धू, बेचकं न् बेचकं कोरडं कर आणि थोडं करंजाचं तेल लाव. पाय पुसायचं फडकं उकळत्या पाण्यातून काढ, वहाणा उन्हात टाक. आणि खाज थांबली म्हणून तू थांबू नकोस. पाय सुजला किंवा ताप आला, तर मात्र मुद्रेचा विचार न करता थेट माझ्या दारी ये."

करंज नदीकाठी हवे तेवढे होते. गिरजानं बिया वेचल्या आणि घाण्यावरून तेल काढून आणलं. सटवाजी रोज पाय धुऊन, पुसून तेल लावू लागला. हळूहळू चिरा भरल्या, खाज गेली. मग त्याला कंटाळा आला आणि त्यानं सगळं सोडून दिलं. थोड्याच दिवसांत चिखल्या पुन्हा उपटल्या.

"या तेलाला गुण नाही," तो वैतागून म्हणाला.

"तेलाला आहे," गिरजा शांतपणे म्हणाली. "आपण मधेच सोडलं. वैद्यबुवांनी तेवढंच तर बजावलं होतं."

सटवाजी उठला आणि त्यानं पाय धुवायला पाणी घेतलं.

या वेळी त्यानं आणखी एक विचार केला. संध्याकाळी पाय कोरडे करायचे आणि दिवसभर पाण्यात उभं राहायचं, हे कसं जमावं? त्यानं उतारूंना विनंती केली, "नावेत चढण्याआधी काठावरचा एक दगड इथं पाण्यात टाकत जा." लोकांनाही चिखल तुडवायचा कंटाळा आलाच होता. कुणी लहान दगड टाकला, कुणी दोघांनी मिळून धोंडा लोटला. बघता बघता अलीकडं एक धक्का उभा राहिला, मग पलीकडंही. नाव थेट धक्क्याला लागू लागली आणि सटवाजीचं पाण्यात उतरणं थांबलं.

खाज गेल्यावरही त्यानं निगा सोडली नाही. पाय हळूहळू बरे झाले, आणि या वेळी दुखणं उलटलं नाही. पाटील एकदा नावेतून गेले, त्यांनी त्याच्या पायांकडं पाहिलं आणि नाव दुसऱ्याला द्यायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

पुढच्या पावसाळ्यात भात लावणाऱ्या बाया चिखल्यांनी लंगडत आल्या. सटवाजीनं त्यांना धक्क्यावर बसवलं आणि वैद्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. शेवटची गोष्ट मात्र त्यानं दोनदा सांगितली: बरं वाटलं म्हणून थांबू नका.

बोध: दुखणं चिवट असेल, तर आपली निगा त्याहून चिवट हवी.