दोरीवरचा शर्ट

जर्मनांनी पोलंड घेतलं तेव्हा यादविगा नावाच्या विधवेनं शेजारच्या ज्यू शिंप्याला, मेंडेलला, माळ्यावर लपवलं. सापडले तर दोघांनाही गोळी.

एका दुपारी जर्मन अधिकाऱ्याला अंगणातल्या दोरीवर ओला शर्ट दिसला. "नवरा मेलाय ना तुझा? मग हा कुणाचा?"

बाई कसली डरतेय! म्हणाली, "कुणाचाच नाही. तुमचे शिपाई पिऊन एकट्या बाईचं दार ठोकतात. पुरुषाचा शर्ट वाळताना दिसला की पुढं जातात, म्हणून रोज भिजवून वाळत घालते. तुम्ही त्यांना आवरा, साहेब, मी आत्ता काढते."

अधिकारी खाली मान घालून निघून गेला.

लढाई संपली. मेंडेल परदेशी गेला, त्याचा शर्ट मागंच राहिला. यादविगा मरेपर्यंत तो धुऊन वाळत घालायची. आता तो खरंच कुणाचा नव्हता.