दार नसलेलं दिवाघर

खाडीला पूल नव्हता, माणसं आणि भात दोन्ही मचव्यातून जात, तेव्हाची ही गोष्ट. खारपाली बंदरात रहमाजीशेट नावाचे सराफ राहत. बेने इस्रायल समाजाचे, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांच्या घराण्याच्या पेढ्या सुरतेला, मस्कतला, बसऱ्याला, आणि प्रत्येक पेढीवर एकेक भाऊ. खारपालीचा शिक्का पाहिला की बसऱ्याचा व्यापारी हुंडी उलटूनसुद्धा पाहत नसे, असं म्हणतात.

बंदराच्या तोंडाशी वाईट खडक होता. शेटनी पदरच्या पैशानं त्यावर दिवाघर बांधलं. पण सराफाचाच हात तो! दार केलं तिजोरीसारखं, सागवानी, लोखंडी पट्ट्यांचं. तेल चोरीला जाऊ नये म्हणून कुलूपही घातलं. किल्ली पेढीच्या जुडग्यात.

शुक्रवारी सूर्य बुडाला की शेटचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागे. त्याआधी ते दिवा लावून कुलूप घालत. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही, जुडग्याला हात नाही. एका शुक्रवारी दिवा विझला आणि कोळ्यांची होडी वाट चुकली, तेव्हाही त्यांनी कुलूप काढलं नव्हतं. होडी कशीबशी आली, म्हणून कोणी फार बोललं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर शेटची लेक रिबका पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. मचवा शुक्रवारी दुपारी यायचा, पण वारा फिरला. सूर्य बुडाला आणि शेटच्या डोळ्यांदेखत दिवा विझला.

मचव्याच्या तांडेलाची आई, पदी कोळीण, धावत आली. "शेट, कुलूप काढा! माजा पोर सुकानावर हाय, तुमची लेक आत हाय."

"शब्बाथ लागला, पदीबाय."

"तुमी नका हात लावू. जुडगा कुठं हाय तो नुसता सांगा, मी घेतू!"

शेटची नजर मागे गेली. जुडगा मागच्या कोनाड्यातच होता. लेकीची वाट पाहणाऱ्या बापाला त्या घटकेला काय ऐकू येत असेल, ते तान्ह्याच्या श्वासाला कान लावून बसलेल्या आईला विचारावं. तरी ते म्हणाले, "तुमच्या पोरांसाठी उघडलं नाही. आता माझ्या पोरीसाठी कोणत्या तोंडानं उघडू?"

"आमच्या पोरांसाठी नाय उघडलात ती चूकच झाली. आज ती फेडा की!"

शेट हलले नाहीत. कोळी कुऱ्हाडी घेऊन खडकावर गेले. पण दार सराफाचं होतं, हटेना. पहिली फळी फुटली तेव्हाच खाली खडकावर मचव्याचं लाकूड मोडल्याचा आवाज आला. मग नुसता वारा.

मचव्यातलं कोणीच परतलं नाही.

पावसाळा सरल्यावर कोचीनहून एक ज्यू गुरुजी खारपालीत आले. शेटनी त्यांना सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं असावं, किंवा निदान सांत्वन. गुरुजी हळू म्हणाले, "शेटजी, जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो. तोही धर्मच आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

कोणी सांगितलं नव्हतं. शेटनीही कोणाला विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी दिवाघराचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं आणि कुलूप खाडीत फेकलं. पेढी भावांच्या हवाली केली. पुढचं सारं आयुष्य ते खडकावर दिव्याशी बसले. शुक्रवारी दिवा विझला की स्वतः लावत आणि लावताना रडत. एकदा वादळात तेल संपलं, तर त्यांनी खाडीचं पाणी ओतलं, आणि दिवा सकाळपर्यंत जळला, असं म्हणतात. पदी त्यांच्याशी कधीच बोलली नाही. पण त्यांची भाकरी तीच आणून ठेवी, असंही म्हणतात.

ते कुलूप अजून कधीकधी जाळ्यात येतं म्हणे, बंदच. कोळी ते परत पाण्यात सोडतात.

आजही खारपालीत बाळंतपणाला आलेली लेक आधी दिवाघराशी जाते, मग घरात पाऊल टाकते. आता तिथं विजेचा दिवा आहे. दार मात्र कोणी बसवू दिलं नाही. दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे, रांगणं नुकतंच सोडलेल्या पोराच्याही हाताला येईल इतकं खाली.