दुसऱ्या गिअरचं कण्हणं

यंत्रं बोलायची आणि माणसं गप्प बसायची, त्या सुखाच्या काळातली ही गोष्ट. एक डिझेलचा ट्रक आकाशपाळणा लादलेला ट्रेलर ओढत घाटमाथ्यावर आला. चढ चढून त्याचं अंग तापलं होतं, जीव मेटाकुटीला आला होता.

"दादा, आता उतारच आहे," मागून ट्रेलर म्हणाला. "गिअर न्यूट्रलला टाक की. डिझेल वाचेल आणि तुला डुलकीही मिळेल."

फुकटाला तुम्ही-आम्ही भुलतो, तसा ट्रकही भुलला. चाकं मोकळी सुटली. पहिल्या वळणापर्यंत फार मजा आली. मग मागचा भार अंगावर यायला लागला, ब्रेक तापले, जळका वास सुटला.

"ढकलू नकोस रे!" ट्रक ओरडला.

"मी कुठं ढकलतोय? मला धरणारं कोणी उरलंच नाही!" ट्रेलर रडकुंडीला आला.

"आमचं आता संपलंच," ब्रेक धापा टाकत म्हणाले. "शेवटचा जोर लावतो, तेवढ्यात दुसऱ्या गिअरला बोलाव."

वेग जरा मंदावला आणि म्हातारा दुसरा गिअर कुरकुरत आत बसला. इंजिन घोंघावलं, त्यानं सगळा भार पेलला आणि ट्रक मुंगीच्या पावलानं उतरू लागला. एक बैलगाडीसुद्धा हसत पुढे निघून गेली.

अर्ध्या घाटात ट्रेलरला पुन्हा कंठ फुटला. "आजोबा, किती कण्हता! आता तरी सोडा."

"मी कण्हतोय तोवर तुला धरलंय असं समज," दुसरा गिअर म्हणाला आणि पुढच्या वळणावर आणखी मोठ्यानं कण्हला.