मुका काढा

फार फार मागे, बाळांनो आणि मोठ्यांनो, डोंगराच्या कुशीत एक लहानसे गाव होते. त्या डोंगरावर एक झुडूप उगवे. जांभळ्या पाकळ्या, मधे काटेरी बोंड. गावातले लोक त्याला काटेबोंडी म्हणत. थंडी पडू लागली की येसाई नावाची म्हातारी त्याच्या मुळ्या खणून आणी आणि काढा उकळी.

काढा बरा होता. पडसे झालेल्या कुणाला त्याने जरा लवकर उतार पडे, कुणाला पडत नसे. खरे तर एवढेच. पण लोकांची येसाईवर माया होती, आणि मायेच्या भरात माणूस वाढवून बोलतो. कुणी म्हणे गुडघे दुखायचे थांबले. कुणी म्हणे आटलेली म्हैस दूध देऊ लागली. ऐकून ऐकून येसाईलाही वाटू लागले की आपल्या काढ्याने बरे होत नाही असे काही नाही.

गावाची एक रीत होती. हिवाळ्याच्या तोंडी सगळ्यांनी पारावर पंगत धरून बसायचे आणि काढा मुकाट्याने प्यायचा. पहिली वाटी भरल्यापासून शेवटची रिकामी होईपर्यंत कुणी बोलायचे नाही. बोलले की औषधाचा गुण जातो, असे येसाईनेच सर्वांना शिकवले होते.

त्या वर्षी तिच्या मुलाचे लग्न झाले होते. सून हौसा मोठी लाघवी पोर. येसाईने पहिली वाटी कौतुकाने तिच्याच हातात दिली.

"आत्याबाई," हौसा हळूच म्हणाली, "मला शेवंतीची वेणी माळली तरी मानेवर..."

येसाईने हसून ओठांवर बोट ठेवले. नव्या पोरीला रीत कुठून ठाऊक असणार. हौसाने मान खाली घातली आणि वाटी तोंडाला लावली.

येसाई वाढत पुढे गेली. पंगतीच्या टोकाला पोचून तिने मागे पाहिले. हौसाचे ओठ सुजले होते. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. ती हाताने जमीन थापटत होती आणि तिच्या गळ्यातून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

आणि सगळी पंगत तिच्याकडे पाहत बसली होती. बायका, बाप्ये, तिचा नवरासुद्धा. प्रत्येकाच्या हातात वाटी, आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही.

येसाईच्या हातातले पातेले निसटले. गरम काढा पायावर सांडला, तिला कळलेही नाही.

"अरे, पोर जातेय," ती म्हणाली. "बोला कुणीतरी. उठा."

तेव्हा कुठे लोक उठले. नवऱ्याने हौसाला धरून ताठ बसवले. कुणी वैद्यबुवांना आणायला धावले. नशीब एवढेच की तिने घोट-दोन घोटच घेतले होते. उन्हे कलली तेव्हा तिचा श्वास जागेवर आला.

घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "शेवंतीनं माझं अंग सुजतं, आत्याबाई. या काटेबोंडीचं फूल मला तिच्याच जातीचं दिसलं. तेच सांगत होते."

तेवढ्यात शेजारचा कुंभार पुढे झाला. "येसाई, माझंही अंग दरसाल खाजतं. गांधी उठतात."

"दरसाल? मग सांगितलं का नाहीस, मेल्या?"

"पिताना बोलायचं नसतं. आणि नंतर तू इतकी खूश दिसायचीस."

त्याची बायको म्हणाली, "माझं तर पडसं कधी हललंच नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बरं वाटलं म्हणायची."

सुनेच्या सुजलेल्या तोंडाने येसाई हादरली होतीच, पण हे ऐकून तिच्या पायाखालची जमीनच सरकली. इतकी वर्षे तिने गावाला औषध पाजले, आणि ते कुणाला काय करते हे तिला ठाऊकच नव्हते. सांगणारी तोंडे तिनेच बंद केली होती.

पुढच्या हिवाळ्यात पंगत बसली नाही. ज्याला पडसे होई तो येसाईच्या ओसरीवर येई. ती त्याला समोर बसवी. काय सोसते, काय सोसत नाही, गेल्या खेपेला काय झाले, सारे विचारी. त्याचे बोलून होईपर्यंत ती मुळीला हात लावत नसे. पुष्कळदा तर नुसते गरम पाणी पाजून त्याला घरी पाठवी.

म्हणून सांगतो, औषध कितीही गुणाचे असो, घेणाऱ्याचे ऐकून घेतल्यावाचून ते कुणाला देऊ नये.